हळदीतला मोगरा

नोकरीतल्या कितीतरी घटना आता पुसट झाल्या, पण हळदीच्या वाटीची ती तक्रार अजून काल घडल्यासारखी डोळ्यापुढे आहे. मी तेव्हा आंबेगाव तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. नवं शतक नुकतंच लागलं होतं. लग्नसराईत ठाण्यात काय येतं ते आम्हाला पाठ होतं: वरातीतली मारामारी, हरवलेलं गंठण, रुसून बसलेले पाहुणे. नवरीचा चेहरा सुजल्याची तक्रार मात्र पहिलीच.

तक्रार घेऊन आले होते नवरीचे वडील. डिंगोऱ्याहून नवरदेवाकडची माणसं उष्टी हळद घेऊन आली होती. नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीला लावायची, ही आपली रीत. हळद लागली आणि थोड्याच वेळात पोरीचा चेहरा, गळा, हात लालभडक झाले, डोळे सुजून मिटले. तिला दवाखान्यात नेलं आणि इकडे मांडवात दोन्हीकडचे एकमेकांच्या अंगावर धावले. लग्न दुसऱ्या दिवशी होतं.

"सायब, ह्यांनी हळदीत कायतरी घातलंय," वडील म्हणाले. "आता मला लगीनच करायचं न्हाई. तुमी केस घ्या."

ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली. पंचनामा करून वाटी ताब्यात घेतली आणि हळद आणणाऱ्यांना ठाण्यात आणून बसवलं: नवरदेवाचा चुलता, त्याची मामी आणि करवली, म्हणजे त्याची धाकटी बहीण. एवढ्यात फोन वाजला. नाव न सांगता एक बाई म्हणाली, "मामीला इचारा. तिला आपली लेक द्यायची व्हती तिथं," आणि फोन ठेवून दिला.

मामाच्या मुलीचा मान पहिला, हे आपल्याकडे सगळेच धरून चालतात. म्हणजे वैराचं कारण आयतंच हातात आलं. पण गावातून येणारी खबर मी नेहमी चाळून घेत असे, कारण तिच्यात अर्धा भाग जुन्या भांडणाचा असतो.

मी मामीला आत बोलावलं. पदर खोचून ती माझ्यासमोर उभीच राहिली.

"माझी लेक नर्सिंगला हाय, सायब. तिला डिंगोऱ्यात कांदं काढाया कोन धाडतंय? नवरदेवाच्या आईनं लई इनवण्या केल्या, मीच नाय म्हनलं. आन् काय घालायचंच असतं तर मी सोता त्या गाडीत बसून आले असते व्हय? येवढी येडी दिसते का मी?"

दिसत नव्हती. उलट मलाच चार प्रश्न विचारून ती बाहेर जाऊन बसली.

मग मी डिंगोऱ्याच्या पोलीस पाटलाला फोन लावला. नवरदेवाला हळद लागली होती, त्याचं काय? पाटील हसले. "त्याला काय धाड भरलीय? पंगतीत बसून जिलेबी हाणतोय!" म्हणजे डिंगोऱ्यात हळद चांगली होती. जे काही झालं ते वाटेत.

वाटी नाकाजवळ धरली तर मोगऱ्याचा वास, आणि इतका उग्र की नाक चुरचुरलं. हळदीत मोगरा कुठून आला, असं तिघांनाही विचारलं. तिघांनीही माना हलवल्या. दरडावण्यात अर्थ नव्हता. दरडावलेला माणूस आपल्याला हवं ते बोलतो, खरं ते बोलत नाही. मी चहा मागवला.

चहा आला तेव्हा करवलीने कप डाव्या हाताने घेतला. लग्नघरची, नटलेली, चांगल्या वळणाची मुलगी वडीलधाऱ्यांसमोर डावा हात पुढे करते, हे मला खटकलं. तिचा उजवा हात पदराखाली होता.

"बाळ, हात दाखव बघू," मी म्हणालो.

तिने पदर बाजूला केला. तळहात लाल झाला होता, बोटांवर फोड आले होते. आणि तिला रडूच कोसळलं.

"वहिनीला जरा चांगला वास यावा म्हनून घातलं, सायब. आळेफाट्याला गाडी चहाला थांबली तवा शेंटाची बाटली घेतली. वाटीत वतली आन् हातानं कालवली. कुनालाच सांगितलं न्हाई. वहिनीचं तोंड सुजल्यावर तर वाटलं, आता सांगितलं तर माझ्यामुळं दादाचं लगीन मोडंल."

जिला कुणाचं वाईट करायचं आहे, ती ते स्वतःच्या हाताने कालवत नाही. तिच्यावरचा माझा संशय तिथेच संपला.

तिने पिशवीतून काढून दिलेल्या बाटलीवर फुलाचं चित्र आणि 'सुगंध' एवढा एकच शब्द होता. आळेफाट्याच्या टपरीवाल्याला आणलं. अगरबत्तीसाठी येणारा अर्क तो कॅनमधून छोट्या बाटल्यांत भरून अत्तर म्हणून विकत होता. आत काय आहे, असं विचारलं तर म्हणाला, "वास हाय, सायेब." लपवत नव्हता, त्याला खरोखरच माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, एकेका वासामागे कितीतरी रसायनं असतात, आणि जाळायचा वास कातडीला सोसेलच असं नाही. नमुने तपासणीला पाठवले, टपरीवाल्यावर कारवाई झाली.

त्या दिवशी घरी आलो आणि पावडरचा डबा, साबण, फिनेलची बाटली हातात घेऊन वाचत बसलो. जिथे तिथे तोच एक शब्द. बायको म्हणाली, "आता घराचाही पंचनामा करता का?" मी गुन्ह्यात माणसाचं वैर शोधायला शिकलो होतो. या केसने मला शिकवलं की कधी कधी आधी माया शोधावी, आणि मग त्या मायेच्या हातात कुणी काय दिलं ते पाहावं.

करवलीला मी स्वतः जीपमधून दवाखान्यात नेलं. नवरीने सगळं ऐकलं आणि वडिलांना म्हणाली, "आप्पा, लगीन मोडायचं न्हाई." वडिलांनी तक्रार मागे घेतली. लग्न पुढच्या मुहूर्तावर ठरलं आणि मलाही आमंत्रण आलं.

मी गेलो तेव्हा डिंगोऱ्याची हळद नुकतीच आली होती. करवली बायकांच्या मागे लपून उभी होती, वाटीला हात लावायला तयार नव्हती. नवरी पाटावरून उठली, तिच्यापाशी गेली. तिची बोटं धरून वाटीत बुडवली आणि आपल्या गालावर टेकवली.

"वन्सं, पयली हळद तुमच्याच हातची."