मधला स्पीकर

काकूंनी तिसऱ्यांदाही डावीकडेच बोट दाखवलं, तेव्हा मी वायर तपासायला उठलो.

कामरगावला मधुकरराव इंगोल्यांच्या नव्या हॉलमध्ये माझा डेमो चालू होता. कारंज्यात माझं ऑडिओचं दुकान आहे. विक्री, फिटिंग, रिपेअरिंग, सगळं मीच बघतो. मधुकरकाका शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. घरची शेती आणि गाण्यांचं जुनं वेड. जमिनीवर उभे राहणारे दोन उंच स्पीकर त्यांनी आधीच घेऊन ठेवले होते. आता ते चालवायला मशीन हवं होतं. दोन महिने ते दुकानात येऊन एकच विचारत होते, स्टिरिओ अॅम्प्लिफायर घेऊ का होम थिएटर रिसीव्हर?

दोन्हींत फरक काय, ते सोपं करून सांगतो. स्टिरिओ अॅम्प्लिफायरमध्ये दोनच चॅनल असतात, म्हणजे आवाजाच्या दोन वाटा, डावी आणि उजवी. कंपनी सगळी मेहनत त्या दोन वाटांवर करते. रिसीव्हरमध्ये पाच, सात किंवा त्याहून जास्त वाटा असतात. पुढे तीन स्पीकर, बाजूला आणि मागे बाकीचे. टीव्ही त्यालाच जोडायचा. सारख्याच किमतीत गाण्यांसाठी अॅम्प्लिफायर बहुतेक वेळा सरस पडतो, पिक्चरसाठी रिसीव्हर. काका गाणीच ऐकणारे. त्यामुळे माझ्या मनात अॅम्प्लिफायर ठरलेला होता. रिसीव्हर आणि त्याचा मधला स्पीकर मी गाडीत टाकला, तो फक्त काकांची खात्री पटावी म्हणून.

अॅम्प्लिफायर लावल्यावर मी नेहमी एक प्रयोग करतो. एकाच माणसाचा आवाज दोन्ही स्पीकरवर सारखा सोडतो. समोर बसलेल्याला तो मधून येतोय असं वाटतं, जिथे स्पीकरच नाही तिथून. दोन्ही कानांना सारखं ऐकू आलं की मेंदू आवाजाला मध्ये नेऊन बसवतो. गिऱ्हाइकाला हे दाखवलं की गिऱ्हाईक खूश होतं. काकांनी डोळे मिटून बरोबर टीव्हीकडे बोट केलं आणि हसले. तेवढ्यात कुसुमकाकू चहा घेऊन आल्या. काकांनी त्यांनाही सोफ्यावर शेजारी बसवलं.

काकूंनी डावीकडे बोट केलं. मी आवाज आणखी दोनदा सोडला, तरी डावीकडेच.

असं झालं की पहिला संशय वायरवर. एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी लागली तर आवाज मध्ये बसत नाही. मी पेन्सिल सेल काढला आणि वायरीच्या टोकांना टेकवला. सेल सुलटा लावल्यावर स्पीकरचा पडदा बाहेर उडी मारतो. दोन्ही पडदे बाहेरच आले. वायर बरोबर होती. मग मी डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली. काकू डावीकडेच. काका म्हणाले, तिले यातलं समजत नाही, सोड. पण मला आता राहवेना. पंचवीस वर्षांत असा फॉल्ट मी पाहिला नव्हता. मी गुपचूप डाव्या स्पीकरची वायर काढून टाकली. आवाज फक्त उजवीकडून येत होता.

काकूंनी थोडा विचार केला आणि डावीकडे बोट केलं.

तेव्हा मी मशीनकडे बघायचं थांबवलं आणि हॉलकडे बघितलं. काकूंची रोजची खुर्ची खिडकीपाशी होती. तिथे बसलं की टीव्ही उजव्या हाताला यायचा. चहा देताना काकांनी उजवीकडून साखरेचं विचारलं होतं, तर काकूंनी उत्तर दिलं नव्हतं. मला वाटलं होतं, नवरा-बायकोचं काहीतरी असेल.

शेतावरचा माणूस आला म्हणून काका फाटकापर्यंत गेले. मी विचारलं, "काकू, फोन कोनत्या कानाले लावता?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "डाव्या. उजवा बंदच हाय म्हन ना. तीन वर्सं झाले."

घरात सांगितलं का, असं मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी "काहून नाही?" म्हणालो, तर त्या कप गोळा करू लागल्या.

"माही माय बहिरी झाल्ती," त्या म्हणाल्या. "मंग घरातले तिले दोनच गोष्टी ओरडून सांगत. जेव, आन गोळी घे. बाकी कोनी काही बोलेच नाही तिच्यासंग. तू काही बोलू नको, अन्सार."

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मी स्पीकर लावायला आलेला माणूस. काका अॅम्प्लिफायर घ्यायला तयार होते. तो ठेवून मी तासाभरात कारंज्याला पोचलो असतो. पण काकांच्या बोलण्यात एक गोष्ट आली होती. संध्याकाळी दोघं याच हॉलमध्ये टीव्ही बघतात, आणि आजकाल हिचं लक्षच नसते. हे कानात घेऊन दोन चॅनलचं मशीन विकणं मला जमेना. शिवाय खरं सांगायचं तर मला बघायचं होतं की मधल्या स्पीकरने काय होतं.

काका परत आल्यावर मी सांगितलं की रिसीव्हरचा डेमो बाकी आहे. ते म्हणाले, कायले वेळ घालवतं, ठरलं ना आता. मी म्हणालो, आणलाच आहे तर ऐकून घ्या.

रिसीव्हर लावला. मधला स्पीकर टीव्हीखाली ठेवला. पिक्चर किंवा मालिकेतलं बोलणं दोन्ही बाजूंना सारखं भरलेलं असतं. रिसीव्हर ते वेगळं काढतो आणि मधल्या स्पीकरला देतो. म्हणजे बोलणं एकाच जागेवरून येतं, दोन कानांचा मेळ बसवावा लागत नाही. वर त्या एका स्पीकरचा आवाज वेगळा वाढवता येतो. संगीत, गाड्यांचा गोंगाट तेवढाच राहतो. मी बोलणं चार पायऱ्या वर नेलं, सीलिंग फॅन बंद केला आणि काकू बघतात ती मालिका लावली. त्यात एक म्हातारा नोकर होता. दर वाक्याच्या शेवटी तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा.

काकू अचानक हसल्या. "हा असं म्हनते होय शेवटी? मले आज समजलं."

काका त्यांच्याकडे वळले. "आज म्हन्जे? दोन वर्सांपासून पाहून राह्यली ना तू हे."

मी रिमोट हातात धरून उभा राहिलो. म्यूट केलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. काकांकडे पाहून त्यांनी उजव्या कानाला हात लावला आणि सगळं सांगितलं, आईचं सोडून.

काका माझ्याकडेच बघून म्हणाले, "मी समजत होतो, हे माह्यावर रागावली. हॉल बांधताना हिच्या मनासारखी स्वयंपाकखोली नाही केली, म्हून बोलत नाही."

"त्याचाबी राग हायच," काकू म्हणाल्या.

काका उठले. खिडकीपाशी जाऊन त्यांनी खुर्ची उचलली. मी हात लावायला गेलो तर नको म्हणाले. खुर्ची त्यांनी समोरच्या भिंतीला नेऊन ठेवली, टीव्ही डाव्या हाताला येईल अशी.

मी त्या दिवशी काहीच विकलं नाही. आधी कानाच्या डॉक्टरला दाखवा, मशीन पळून जात नाही, असं सांगून दोन्ही डबे परत गाडीत भरले. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासलं. उजव्या कानाची नस कमजोर झालेली, ती पूर्ववत होणार नव्हती. डाव्याचं ऐकणं थोडं कमी होतं, त्याला ऐकायचं मशीन दिलं. ते लावून पहिल्या दिवशी काकूंनी फ्रिजबद्दल तक्रार केली, म्हणे हा एवढा ओरडते आन तुमी मले सांगितलं नाही.

महिन्याभराने मी रिसीव्हर बसवला, पुढचे तीनच स्पीकर. मागचे घेऊ नका, असं मीच सांगितलं. गाणी त्यावर अॅम्प्लिफायरइतकी मोकळी वाजत नाहीत. काकांना ते कळतं, मलाही कळतं. त्यांनी तो विषय परत काढला नाही.

निघताना मी काकूंना विचारलं, मालिका आता नीट समजते का?

"समजते," त्या म्हणाल्या. "दोन वर्सांत काही बुडालं नाही, बाप्पा. तेच भांडन चालू हाय."

या कामातून मी एवढंच शिकलो की पैसे देणारा आणि ऐकणारा एकच असतो असं धरून चालू नये. आता डेमोला घरातल्या सगळ्यांना सोफ्यावर बसवतो. वेळ दुप्पट जातो आणि चहाही जास्त होतो.