मोटेचा दोर

मुखरू ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. चामोर्शीच्या अलीकडे आमच्या गावात त्याची मिरची-वांग्याची बाडी होती, बाडीत विहीर, विहिरीवर मोट आणि मोटेला दोन बैल. त्यातला कबऱ्या म्हातारा झालेला. मुखरूचा सख्ख्या भावावर भरवसा नव्हता, पण कबऱ्याच्या कानात तो घरच्या सगळ्या गोष्टी सांगायचा.

पंचावन्न सालच्या सुमारास दूरच्या मोठ्या तलावाचं पाणी नहरानं, म्हणजे कालव्यानं, आमच्या शिवारात आलं. गाव हरखलं. मुखरूने ते घेतलंच नाही. "गावचा तलाव आधी मालगुजाराचा होता, मंग सरकारचा झाला. आपला कवा झाला?" तो म्हणायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यात भलतंच झालं. नहराचं पाणी जमिनीत झिरपलं आणि आजूबाजूच्या विहिरी चढल्या. शेजारच्या बाडीवाल्या सोमाजीने तर पाणी उपसायला तेलावरचं इंजिन घ्यायचा बेतच सोडला. मुखरूच्या विहिरीत तळाला असायचं ते पाणी निम्म्यावर आलं. दुसऱ्या कोणी लगेच दोर आखूड केला असता. मोट वरच भरली असती आणि बैलांना धावेवर, म्हणजे मोट ओढायच्या त्या उतारावर, निम्मंच चालावं लागलं असतं. बायको रंभाने हेच सुचवलं, तर हा तिच्यावरच डाफरला.

"दोर आखूड केला तं लोकायले समजन! सरकारवाले नहराचं पाणी हाये म्हणतीन अन् विहीरच घेऊन जातीन."

"अवो, पण कबऱ्याचा जीव चालला. उगाच काऊन हाकून राह्यले त्याले?"

"तू चूप राह्य."

मोट खोल बुडत राहिली आणि कबऱ्या पुरी धाव चालत राहिला. रस्त्याने कोणी दिसलं की मुखरू मोठ्याने कुरकुरायचा, पाणी लई खाली गेलं म्हणून.

मग कळलं, नहराच्या कामावरचे गुणवंतराव चांद्याहून विहिरी पाहायला येणार. झालं! विहीर रिकामी दिसावी म्हणून मुखरूने सकाळपासून मोट धरली. बाडीत चिखल झाला. वैशाखाचं ऊन, तरी बैलांना पाणी दाखवायची उसंत नाही. दुपारी कबऱ्या धावेवर गुडघे टेकून बसला, तो उठलाच नाही.

गुणवंतराव सांजेला आले तेव्हा मीही सोबत होतो. मुखरू कबऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्यांनी विहिरीत डोकावलं. सकाळभर उपसलेली विहीर झिरप्याने पुन्हा निम्म्यावर आली होती.

"पाणी चांगलं चढलं, मुखरूभाऊ," ते बिचारे म्हणाले. "विहीर तुमची, पाणीही तुमचंच. नहर आल्यापासून बैलांची मेहनत किती वाचली, एवढंच विचारायला आलो."

मुखरू कबऱ्याच्या कानावरून हात फिरवत राहिला. मला त्याचा संताप आला होता, पण त्याचं तोंड पाहून तो ओसरला.

कबऱ्याला बाडीबाहेर ओढायला दोर पाहिजे होता. मुखरू उठला. मोटेचा दोर त्याने विळ्याने मधोमध कापला, अर्धा मोटेला राहू दिला आणि अर्धा कबऱ्याच्या पायांना बांधला.