पस्तीसची डबी

माझ्या नवऱ्याच्या पोटात दुखायला लागलं की मी औषध शोधत नाही. सरळ विचारते, "ओरीनने आता काय आणलं?"

मी वांडा, आणि ओरीन म्हणजे माझा धाकटा भाऊ. पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरात आमची दोन्ही घरं एकाच उतारावर आहेत, वर ओरीनचं, खाली आमचं. लग्न झाल्यापासून माझा डेल्मर मान वर करून बघतोय. ओरीनने नवी गाडी घेतली, याचं जेवण गेलं. ओरीनच्या सफरचंदाला फळ धरलं, याने आपल्या झाडाला लाथ घातली. झाड बिचारं काय करणार!

माणूस वाईट नाही हो. लाकडाच्या सॉ मिलमध्ये इमानाने राबला, दारू बेताची, आणि माझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात तिला उचलून बाथरूमला नेणारा हाच होता, ओरीन नव्हे. पण जळकेपणा म्हणाल तर अस्सा की याच्यावर कॉफी उकळावी.

एकाच बाबतीत पारडं आमच्याकडे झुकायचं. शिकार. वरच्या कड्यावर जुन्या ओकच्या झाडाखाली एक सपाट दगड आहे. डेल्मरचा बाप तिथे बसायचा, त्याच्यामागे डेल्मर. आमच्या शिकारी कॅम्पचा नियम असा की त्या दगडावरून शेवटचं हरीण ज्याने पाडलं, जागा त्याची. डेल्मर दर वर्षी पाडायचा, म्हणून जागा त्याची आणि आमचा फ्रीजर भरलेला. दुसरा नियम, नेम चुकला की शर्टाचं शेपूट, म्हणजे मागची खालची कड, कापून कॅम्पच्या भिंतीवर ठोकायचं. त्या भिंतीवर ओरीनची नऊ शेपटं आहेत. डेल्मरचं एकही नव्हतं. ओरीनही काही धुतल्या तांदळासारखा नाही. तो त्या भिंतीकडे कसा बघायचा ते मला ठाऊक आहे, बहीण आहे मी त्याची.

मग ते टंचाईचं वर्ष आलं. दुकानात काडतुसांची फळी रिकामी. माल आला की माणशी एकच डबी, भाव दुप्पट, मग तिप्पट, आणि तरी लोक पहाटे दारात उभे. त्यात डेल्मरची रायफल बापाची, जुनी, पस्तीस मापाच्या नळीची. तिला पस्तीसचंच काडतूस लागतं. दुकानदार हसलाच. "पस्तीसचं? अरे बाबा, जे खपतं तेच बनवायला कारखाने पुरे पडत नाहीत. तुझ्या म्हातारीसाठी कोण मशीन लावतोय!"

घरात उरली होती सहा काडतुसं. तरी डेल्मर शांत होता. सगळ्यांचीच बोंब होती ना, मग याला कसलं दुःख!

थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण ओरीनकडे होतं. मी डेल्मरला तळघरातून पीचची बरणी आणायला पाठवलं. तो हात हलवत वर आला, तोंड पांढरं.

"पीच कुठंय?" मी विचारलं.

"तुझ्या भावाच्या तळघरात पीचला जागा आहे का?"

परतताना वाटेत त्याला कंठ फुटला. "जमिनीपासून छतापर्यंत डब्या गं, वांडे! आणि त्यात पस्तीसच्या चार. चार! त्याच्याकडे पस्तीसची बंदूक तरी आहे का?"

"मग माग ना एक."

"त्याच्याकडे? मी? तोंडात माती गेली तरी नाही."

मागायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओरीन स्वतःच खाली आला, हातात उरलेला भोपळ्याचा गोड पाई, चेहऱ्यावर साखर. "डेल्या, एक डबी देतो तुला. पैसे नकोत, घरचाच तू. फक्त उद्या, शिकारीच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी, ओकखाली मी बसतो."

"चालता हो," डेल्मर म्हणाला. पाई मात्र ठेवून घेतला.

त्या रागात त्याने गाडीचा मागचा फळका धाडकन उघडला आणि आत ठेवलेली रायफल खाली दगडावर पडली, नेमकी वरच्या नेमाच्या दुर्बिणीवर. मी खिडकीत होते. इथे मोसम सुरू व्हायच्या आधी जो तो झाडाला कागदी बशी ठोकतो, तिच्यावर बार टाकून नेम तपासतो. मी बाहेर येऊन म्हटलं, "बशीवर एक टाकून बघ. फार नको, एकच."

"सहातलं एक बशीला घालू? बशी काय भाजून खायचीय?"

"डेल्मर, ती पडलीय."

"माझ्या बापाची रायफल आहे. तिला काही होत नाही." आणि कापडाने पुसत बसला.

पहिल्या दिवशी कॅम्पवर स्वयंपाक माझ्याकडे असतो. मी सूपमध्ये बीन्स टाकले होते. शेगडीजवळ म्हातारा हायराम बसलेला. गुडघे गेल्यापासून तो शिकारीला जात नाही, नुसता कान देऊन बार मोजतो. त्याचं ठरलेलं आहे. एक बार, हरीण. दोन बार, बघू. तीन बार, प्या सूप.

कड्यावरून एक बार आला. मी मनात म्हटलं, झालं, आला फ्रीजर भरून. मग दुसरा. मग तिसरा.

हायरामने कप खाली ठेवला आणि खणातून कात्री काढली.

डेल्मर आला तो थेट आत. भिंतीपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला. लाल लोकरीचा शर्ट होता, मीच दिलेला. हायरामने कात्री ओरीनच्या हातात दिली, कारण नऊ वेळा कापून घेतलेल्याचा तेवढा मान. मेल्याने सावकाश कापलं, एकेक धागा मोजल्यासारखं. ठोकून झाल्यावर दोन पावलं मागे सरून बघितलं सुद्धा. माझा भाऊ असून त्या क्षणी मला वाटलं, याच्या डोक्यात सूपचा डाव घालावा.

मग त्याने खिशातून पस्तीसची डबी काढून टेबलावर ठेवली. "उद्याचा एक दिवस, डेल्या. बस."

मी टेबलाखालून लाथ मारली. पण डेल्मर त्या डबीकडे ज्या नजरेने बघत होता तसं त्याने माझ्याकडे लग्नातही बघितलं नव्हतं, खोटं कशाला बोलू? मला त्या पुठ्ठ्याच्या डबीचा हेवा वाटला. त्याने हात पुढे केला आणि ती खिशात घातली.

लगेच कॅम्पमागे जाऊन त्याने उरलेली तीन काडतुसं बशीवर टाकली. नेम वीतभर डावीकडे जात होता. दुर्बिणीचा स्क्रू फिरवला, तिसरं मधोमध बसलं. एवढंच काम होतं ते.

दुसऱ्या दिवशी डेल्मर गॅसच्या पाइपलाइनपाशी बसला, बरोबर नेमाची रायफल, वीस काडतुसं खिशात, आणि समोर दोन खारी. कड्यावरून बार आला. हायरामने कान दिला. बराच वेळ दिला.

"एकच," तो म्हणाला.

ओरीनने शिंगांना आठ टोकं असलेला नर ओढत आणला. नियम सगळ्यांनाच पाठ होता, ओकखालचा दगड आता ओरीनचा. ओरीनने अर्धं मांस आमच्याकडे पाठवलं. डेल्मरने एक घास घेतला, खारट आहे म्हणून ताट सारलं आणि पुढे आठवडाभर नुसता ब्रेड खाल्ला.

पुढच्या शनिवारी दुपारी त्याने घरामागे बशी ठोकली, डबी फोडली आणि बार सुरू केले. तिसऱ्या बाराला फोन वाजला.

"वांडे, काय मारतोय तो?" ओरीन.

"बशी."

"कशाने?"

"तुझ्या डबीने."

"अगं, वेड लागलंय का त्याला? थांबव! आख्ख्या राज्यात पस्तीसचं मिळत नाहीये!"

मी फोन खिडकीबाहेर धरला. ऐक म्हटलं, चांगलं ऐक. दर बाराला ओरीन फोनमध्ये कण्हायचा. शेवटीशेवटी कण्हणं थांबलं. मी फोन कानाला लावला तर हसत होता.

"मारू दे, मारू दे," तो म्हणाला. "माझ्याकडे अजून तीन डब्या आहेत. आणि ओक आहे."

डेल्मर आत आला. बशीचा मधला भाग उडालेला, नुसती कड उरलेली. ती माझ्यापुढे ठेवून खुर्चीत बसला. "एक टाकून बघ म्हणाली होतीस," तो म्हणाला. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, पण मी ताट वाढायला घेतलं.

मग त्याने फोनकडे मान वळवली. "ओरीन होता ना? रडला का?"

"रडला," मी म्हटलं. "ढसाढसा."

"खरं सांग."

"आईशप्पथ."

डेल्मरने स्वतःहून ताट ओढलं आणि ओरीनच्या हरणाचं मांस दोनदा मागून घेतलं.