दोनदा फुटलेला नारळ

लूमच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. म्हणून आमच्या कारखान्यात सगळे हातांनी बोलतात, नाहीतर ओठ वाचतात. गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत ही बोली पोरासोरांनाही येते.

गणपतीत आम्ही नाटक बसवलं. लिहिलं माझ्या मित्राने. त्याचं लूम माझ्या लूमशेजारी. गल्लीच्या गटाराचा नारळ नगरसेवकसाहेबांनी दोनदा फोडला होता, गटार एकदाही झालं नव्हतं. नाटकातलं एवढं एकच वाक्य साहेबांच्या माणसाने वहीत लाल पेनाने खोडलं. साहेब प्रमुख पाहुणे, बरं दिसत नाही म्हणे. मंडपाची परवानगी साहेबांनीच मिळवून दिलेली. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी नंदीबैलासारखी मान हलवली.

मित्राने वाद घातला नाही. त्या वाक्याच्या जागी तो स्टेजवर गप्प उभा राहिला. डाव्या तळव्यावर मूठ दोनदा आपटली आणि दोन्ही तळवे रिकामे दाखवले. मंडप हसून हसून लोळला. इतका आनंद मला पुन्हा झालेला नाही.

पहिल्या रांगेत एकटे साहेब हसत नव्हते. शेजारी माझा मोठा भाऊ, आमच्याच कारखान्यातला; पाहुण्यांची सरबराई त्याच्याकडे. तो अदबीने त्यांच्या कानाशी वाकला. मी विंगेत होतो, पण गुजरातीत हलणारे त्याचे ओठ मला वाचता आले.

"साहेब, ए कहे छे, नारियेळ बे वार फोड्युं, गटर एके वार ना बनी."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याने मित्राचं लूम दुसऱ्याला मिळालं. मालकाने कारण सांगितलं नाही. भेस्तानपर्यंत तो काम शोधत फिरला. त्याच्या आधी त्याचं नाव पोचलेलं असायचं. शेवटी बायकोपोरांना घेऊन धुळ्याकडे परतला.

मी घरी भावावर ओरडलो. तो गोंधळून म्हणाला, "त्या पाव्हना व्हतात. त्यासले काही समजे ना, म्हनीसन सांगं. मनं काय चुकनं?"

पाहुण्याला हसण्यातून वगळू नये, एवढंच त्याला ठाऊक. तो लबाड असता तर मला सोपं गेलं असतं.

आता भाऊ लूमच्या रांगेतून निघाला की सगळ्यांचे हात थांबतात. तो पुढे गेला की पुन्हा सुरू होतात. परवा तो माझ्यासमोर थांबला आणि हातानेच विचारलं, जेवायला येतोस का?

मी खाली वाकून धागा जोडू लागलो. धागा तुटलेला नव्हता.