ह्यांचा विलायती खासदार

आमच्या संसारात सात वर्षं एक तिसरा माणूस होता. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज खासदार, ह्यांच्या पीएच.डी.चा विषय. कॅनडात, एटोबिकोतल्या आमच्या बेसमेंटमध्ये डायनिंग टेबलावर त्याचेच कागद पसरलेले, आम्ही दोघं मांडीवर ताट घेऊन जेवायचो. मेल्यानं सवतीपेक्षा जास्त छळलं मला.

तरुणपणी ह्या बाबानं गिरणीतल्या पोरांचे कामाचे तास कमी करा म्हणून पार्लमेंट दणाणून सोडलं होतं. म्हातारपणी तोच त्या कायद्याच्या विरोधात उभा राहिला. एवढा भला माणूस बदलला का, ह्यावर ह्यांचा अख्खा प्रबंध. पास झाला तर कॉलेजातली नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा एअरपोर्टजवळच्या गोदामात खोकी उचलायची.

टाइप मी करायचे, शनिवार-रविवारी. शेवटच्या प्रकरणात एका तळटिपेची तारीख सापडेना म्हणून ह्यांची फाइल उघडली. आत जुन्या वर्तमानपत्राची झेरॉक्स. आमचा खासदार पन्नाशीच्या आतच वारला होता, आणि त्याच्या जागी त्याचा मुलगा निवडून आला होता. नाव तेच. पुढची सगळी भाषणं मुलाची.

म्हणजे कोणी बदललंच नव्हतं. आपल्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, पण जित्या बापाचंच नाव पोराला? हाक मारली तर ओ कोणी द्यायची? शिवाय आपण मधे बापाचं नाव लावतो, तेव्हा घोटाळा व्हायचा प्रश्नच नाही. साहेबाची रीत वेगळी असेल हे ह्यांच्या मनातसुद्धा आलं नसणार.

मी कागद ह्यांच्यापुढे धरला. तो हातातही न घेता हे म्हणाले, "मागच्या विंटरलाच कळलं मला. आता पहिल्यापासून लिहायचं बळ नाही गं. तू टाइप कर."

माहेरी मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. पण त्या दिवशी मी कागद गुपचूप परत फाइलीत ठेवला. काय सांगणार होते, गोदामात जा म्हणून? केलं टाइप.

तोंडी परीक्षेहून हे दुपारी परत आले. पास झाल्याचं सांगितलं. परीक्षकांना सगळ्यांत आवडलं ते माणूस बदलल्याचं प्रकरण, हेही सांगितलं, आणि बूट न काढताच बेसमेंटच्या पायरीवर बसून रडायला लागले. मी शेजारी बसले. डॉक्टर झालेल्या नवऱ्याची समजूत कशी घालायची, ते मला काही केल्या सुचेना.