खळ्यावरची वाटणी

आमच्या घरात पदवी पहिल्यांदा मी आणली. हे मी कुठेही सांगते, कोणी विचारलं नाही तरी सांगते. धुळ्याकडच्या आमच्या गावातल्या बचत गटांच्या बायांनी मिळून एक संस्था काढलीय, तिथे मला कामाला घेतलं तेही त्या पदवीमुळेच. जळगावच्या विद्यापीठाने संस्थेशी करार करायचं ठरवलं, तेव्हा बोलणी करायला मीच गेले. विषय पिण्याच्या पाण्याचा. ते पाणी तपासणार, आम्ही त्यांना घरोघरी नेणार.

पण आमच्या अध्यक्ष अक्का ऐकेनात. काही वर्षांमागे एका कॉलेजची मुलं अशीच आली होती. बाटल्या भरल्या, चहा घेतला, बायांबरोबर फोटो काढले, गेली.

"ते उनात, पानी ली ग्यात, परत तोंड दखाडं नई," अक्का म्हणाल्या. "पोरे तेच पानी पी राहयनात. चांगलं शे का खराब शे, कोन्ही सांगं नई."

खरं होतं. अक्कांच्या सुनेचं बाळ आता नुकतंच वरच्या दुधावर आलं होतं, आणि त्या दुधात पाणी पडायचं ते दारापुढच्या हापशाचं. त्या पाण्याचं काय ते एकदा कळावं, एवढंच बायांचं मागणं होतं.

"या टाइमले भागीदारी शे, अक्का. करारमा लिखेल शे," मी म्हटलं.

"भागीदारी म्हंजे? निमबटाई का?"

जमीन एकाची, कष्ट दुसऱ्याचे आणि पीक निम्मं-निम्मं, ती निमबटाई. आमच्याकडे ती कोणाला शिकवावी लागत नाही.

"तसंच समजी ले," मी म्हटलं.

"मंग खयामाच वाटनी. घर नेवाना पहिले."

खयं म्हणजे खळं. दाणे तयार झाले की तिथेच दोघांच्या डोळ्यांसमोर वाटे पाडतात. आधी सगळं घरी नेतो आणि मग तुझा वाटा पाठवतो, असं म्हणणाऱ्याला दुसऱ्या वर्षी कोणी बटाईला धरत नाही. अक्कांचं म्हणणं एवढंच: निकाल आधी गावात वाचा, मग कुठे न्यायचा तिथे न्या.

मी जळगावला गेले. विभागाच्या मॅडम चांगल्या बाई, पण त्यांची रीत वेगळी. आधी विभागात सादरीकरण, मग वरून मान्यता, मग गावाला सारांश.

गावात येऊन बायांना सांगितलं तर अक्कांनी विचारलं, "सारांस म्हंजे काय वं?"

"थोडक्यात सांगतीन."

"आम्हीन पानी थोडक्यात दिधं व्हतं का?"

बाया हसल्या, मीही हसले. पण दुसऱ्या आठवड्यात परत बस धरली. मॅडमच्या खोलीत एक सर बसले होते. माझं ऐकून म्हणाले, "ताई, शेतातली वाटणी आणि संशोधन एकच आहे का?"

मी शिकले ते गप्प बसायला नाही. म्हटलं, "सर, हापसा आमचा, यंत्र तुमचं. निम्मं-निम्मं नाही तर काय? आणि निकाल आधी गावात येणार नसेल, तर बाटली भरायला एकही दार उघडणार नाही. ते दार मी उघडायला लावणार नाही."

मॅडम म्हणाल्या, "माझी भीती वेगळी आहे. घाईत एखादा आकडा चुकला आणि गाव घाबरलं, तर?"

ही भीती मला पटली. अर्धा तास बोलून आम्ही ठरवलं: प्रत्येक पाणी दोनदा तपासायचं, आणि दुसऱ्या तपासणीनंतर मध्ये कुठेही न थांबता गावात यायचं. मॅडमनी करारात तेवढी ओळ घातली. मी ती दोनदा वाचली, मगच सही केली.

निकाल मारुतीच्या पारावर वाचला. मॅडम एकेका हापशाचं नाव घेत गेल्या. शाळेजवळचा चांगला. वरच्या गल्लीतला चांगला. अक्कांच्या दारापुढचा आला तेव्हा मॅडमनी कागद खाली घेतला आणि त्यांच्याकडे बघून सांगितलं, "अक्का, यात नायट्रेट फार आहे. तान्ह्या बाळाला हे पाणी अजिबात द्यायचं नाही. शेजारच्या उकिरड्यातून ते मुरत असावं."

मागून एक आबा ओरडले, "उकिरडा बी तुनाच शे ना, अक्का?"

"व्हय, मनाच शे. तुना वाटामा चांगलं पानी उनं, मना वाटामा हाई." मग मॅडमकडे वळून, "उकळीसन चाली का?"

"नाही. उकळून हे जात नाही."

सून बाळाला कडेवर घेऊन पारामागे उभी होती. ती घरी गेली. थोड्या वेळाने हंडा आणि कळशी घेऊन शाळेकडे जाताना दिसली. मला वाटलं, आता अक्का चिडतील, करार मोडतील. त्यांनी विचारलं, "सरपंच कवय भेटी?"

सोमवारी अक्का, मॅडम आणि मी ग्रामपंचायतीत एकाच बाकावर बसलो. सरपंच म्हणाले, शाळेजवळच्या बोअरवर मोटर बसवून पाइपलाइन अक्कांच्या गल्लीत आणायची तर वर लिहावं लागेल, वेळ लागेल. मग त्यांनी कागद उलटसुलट करून विचारलं, "पण हे काम नेमकं कोणाचं? विद्यापीठाचं का गटाचं?"

"दोन्हीसनं," अक्का म्हणाल्या.

मॅडमनी मान डोलावली. "अर्जावर आम्हीही सही करतो."

अर्ज गेला आहे. उकिरडा गटाच्या बायांनी गावाबाहेर हलवला, विद्यापीठाची मुलं पाट्या उचलायला आली होती. कोणी चुकून पिऊ नये म्हणून अक्कांच्या हापशाच्या दांड्याला लाल कापड बांधलंय. पाइपलाइन अजून आलेली नाही. दर सोमवारी आम्ही पंचायतीत जाऊन बसतो, आणि ती येईपर्यंत जाणार.