तार अजून थोडी खाली

होळीच्या आठवड्यात माझ्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पायही हळूहळू मार्गी लागले, पण डाव्या हाताची बोटं काही ऐकेनात. आणि ह्यांचा जीव नेमका त्या बोटांत. केंद्र सरकारची नोकरी काय, दिल्लीतल्या आमच्या कॉलनीत दर दुसऱ्या घरात आहे. मराठी मंडळाच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवणारा मात्र हा एकच माणूस.

हॉस्पिटलमधून घरी आल्या आल्या हे म्हणाले, "कोजागिरीला वाजवणार." कोजागिरीला मंडळाच्या गच्चीवर मसाला दूध आणि जुनी गाणी असतात. मी म्हटलं, बिल्कुल वाजवणार. बोलून गेले आणि तिथेच अडकले.

बासच्या तारा जाड असतात, दाबायला जोर लागतो. बोटांत जोर येत नसेल तर तारा हलक्या करू, असा माझा हिशेब. व्हिडिओ बघून शिकले. तारा लाकडापासून जितक्या वर, तितकं दाबणं जड. खालच्या टोकाला बारीक स्क्रू असतात, ते फिरवले की तारा खाली येतात. गिटारच्या मानेत आतून एक लोखंडी सळई असते, ती किल्लीने आवळली की वाकलेली मान सरळ होते. जरा फिरवायची आणि धीर धरायचा, असं सगळे सांगतात. धीर माझ्यात औषधालाही नाही. पण बसायची, चष्मा नाकावर ओढून, जमिनीवर फतकल मारून. हे पलंगावरून सूचना द्यायचे. मग डावा हात उजव्या हाताने उचलून गिटारच्या मानेवर ठेवायचे, एकेक बोट जागेवर लावायचे आणि दाबायचे. सूर यायचा नाही, नुसता थप्प असा आवाज.

"अजून थोडी खाली घे," हे म्हणायचे.

पातळ तारा आणून लावल्या. गिटारचा खांद्यावरचा पट्टा आखूड केला, म्हणजे मनगट फार वळायला नको. मे महिन्यात तर कहर झाला. मोठ्या कष्टाने खाली आणलेल्या तारा परत वर. मला वाटलं, मीच कुठेतरी माती खाल्ली. मग लक्षात आलं, हा कूलरचा प्रताप. खिडकीतला कूलर दिवसभर ओली हवा फेकत होता आणि गिटार ह्यांच्या हाताशी असावी म्हणून मी नेमकी त्या झोतात टेकवून ठेवली होती. लाकूड ओल पिऊन वाकलं होतं. कूलर बंद करावा तर ह्यांचा जीव कासावीस होतो. गिटार आतल्या खोलीत न्यावी तर म्हणतात, नजरेआड नको करूस.

"अहो, मग उन्हाळ्यालाच सांगा दिल्ली सोडून जायला," मी चिडून म्हटलं. हे हसले, उजव्या बाजूने जरा जास्त.

पावसाळा संपता संपता तारा इतक्या खाली आल्या की खाली जागाच उरली नाही. तार नुसती छेडली तरी मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना घासून खरखरायची. करण्यासारखं काही राहिलं नव्हतं आणि मला ते कबूल करता येईना. स्क्रू जरा इकडे, जरा तिकडे, उगाच आपला हाताला चाळा. समोर ह्यांच्या कपाळावर घाम दिसायचा. मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी रागावते, हा माझा स्वभावच. "हं, दाबा," मी ओरडल्यासारखं म्हणायची. बिचारे दाबायचे.

ऑर्केस्ट्राच्या कीबोर्डवाल्याचा फोन यायचा. "वहिनी, दादांची जागा ठेवलीय हां. टेन्शन नहीं लेने का." मी त्यालाही हो हो म्हणायची.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पूजेत मांडतात. विळी, शिलाई मशीन, माझा लॅपटॉप, आणि लग्न झाल्यापासून ही गिटार. मी ती पुसून पाटावर ठेवली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पूजेतल्या वस्तूला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, ही आमच्या घरची रीत.

"आज वाजवायचं नाही ना?" ह्यांनी विचारलं.

"नाही. आता उद्या उठवायची."

"बरं," हे म्हणाले, आणि जेवायला बसले. कित्येक महिन्यांनी ह्यांनी दुसरी पुरणपोळी मागितली. वर तूप मागितलं. गुणगुणत होते. लहानपणी पुस्तकं सरस्वतीपुढे मांडली, अभ्यासाला सुट्टी मिळाली की आम्हा भावंडांचे चेहरे असेच व्हायचे. मी वाढता वाढता थांबले.

दसऱ्याला सकाळी अक्षता वाहून मी विळी उचलली, लॅपटॉप उचलला. गिटारला हात घातला तर मागून आवाज आला.

"अगं, तिला राहू दे."

"अहो, कोजागिरी तोंडावर आलीय."

ह्यांनी डावा हात उजव्या हाताने धरून मांडीवर ठेवला. मला काय करावं सुचेना, म्हणून मी नेहमीचंच विचारलं. "तार अजून थोडी खाली घेऊ का?"

"घे," हे म्हणाले. "तुला बरं वाटत असेल तर घे."

मी किल्ली पाटावर ठेवली, गिटारच्या शेजारी.

कोजागिरीला आम्ही गेलो. मागच्या रांगेत बसून दूध प्यायलो, गाणी ऐकली. ह्यांच्या उजव्या हाताची बोटं माझ्या मनगटावर बास वाजवत होती. गिटार अजून पाटावरच आहे. मी फुलं तेवढी बदलते.